एकाच घरातले संगणक एकमेकांना सापडत नाहीत तेव्हा

एका संगणकावरचा फोल्डर घरातल्या दुसऱ्या संगणकावर उघडायचा, एवढीच अपेक्षा असते. पण ती पुरी होण्यासाठी पाच गोष्टी एकामागून एक जुळाव्या लागतात. दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यात असावी लागतात, एकाला दुसऱ्याचा ठावठिकाणा लागावा लागतो, दुसऱ्याच्या फायरवॉलने वाट मोकळी ठेवावी लागते, येणाऱ्याची ओळख पटावी लागते आणि शेवटी त्या विशिष्ट फोल्डरवर त्याला हक्क असावा लागतो. दोष यांतल्या पहिल्या पायरीवर असो की तिसऱ्या, पडद्यावर बहुधा एकच तक्रार उमटते: नेटवर्क पाथ सापडला नाही, आणि शेवटी ८००७००३५ असा आकडा. म्हणून तपास खालच्या पायरीपासून सुरू करून वर चढत जावे. घाईने शेवटच्या पायऱ्यांना हात घातला, फायरवॉल बंद केली, पासवर्ड काढून टाकला, तर संरक्षण जाते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

कोल्हापुरात हा प्रश्न आता कचेऱ्यांपुरता उरलेला नाही. लग्नसमारंभांचे फोटो आणि व्हिडिओ जुळवणारे, कारखान्यांचे जीएसटीचे हिशेब सांभाळणारे, गुजरीतल्या सराफांसाठी दागिन्यांचे नमुने आखणारे, शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या कामांची ड्रॉइंग करणारे कितीतरी जण घरी बसून काम करतात. सोप्यात डेस्कटॉप आणि प्रिंटर, माडीवर लॅपटॉप, मुलांच्या अभ्यासाचा आणखी एक संगणक अशी मांडणी सर्रास दिसते. शेअरिंग चालत नसले की पेनड्राइव्ह जिन्यावरून वर-खाली फिरू लागतो. त्यात श्रम जातात हे खरेच, पण खरे नुकसान वेगळे आहे. एकाच हिशेबाच्या दोन प्रती तयार होतात आणि ताजी कोणती हे आठवड्याभराने कोणालाच सांगता येत नाही.

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक अंतर्गत क्रमांक देतो. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक अशा खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे ते लाखो घरांत सारखेच आढळतात. घरगुती राउटरवर या क्रमांकाचे पहिले तीन आकडे बहुधा राजारामपुरीतल्या गल्लीच्या क्रमांकासारखे काम करतात आणि चौथा आकडा त्या गल्लीतल्या घराचा. एका संगणकाचा क्रमांक १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.९ असेल, तर दोघे एका गल्लीत आहेत. दुसऱ्याचा १९२.१६८.०.९ निघाला, तर गल्ली वेगळी आणि शोध इथेच थांबतो. क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्या यंत्राला क्रमांक दिलेलाच नाही. केबल, वायफाय किंवा खुद्द राउटर तपासावा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या तपशिलाखाली आयपीव्ही४ या नावापुढे हा क्रमांक लिहिलेला असतो.

गल्ली वेगळी होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे घरातले दोन राउटर. फायबरचे कनेक्शन घेताना पुरवठादार जी पेटी बसवतो तिच्यात बहुतेक वेळा राउटर असतोच. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून तिचा वायफाय माडीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून दुसरा राउटर विकत आणून पहिल्याला जोडला जातो. दोन्हीकडे इंटरनेट उत्तम चालते, आणि तिथेच फसगत होते. इंटरनेट चालते याचा अर्थ दोन्ही संगणक एका जाळ्यात आहेत असा मुळीच नाही. या प्रकारात एक खूण हमखास आढळते: दुसऱ्या राउटरवरच्या यंत्राला पहिल्यावरचे यंत्र क्रमांक टाकल्यावर सापडते, पण उलट दिशेने काहीच सापडत नाही. उपाय सोपा आहे. दुसरा राउटर त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवावा. मग तो स्वतःचे क्रमांक वाटत नाही आणि सारे घर एका गल्लीत येते.

पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले गेस्ट वायफाय हेही तितकेच साधे कारण. त्यावरच्या यंत्रांना इंटरनेट मिळावे, पण घरातली बाकीची यंत्रे दिसू नयेत, यासाठीच ते असते. काही राउटरांत मुख्य वायफायवरही एपी आयसोलेशन नावाचा असाच अटकाव चालू असतो. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर व्हीपीएन सुरू असेल, तर तो घरात असूनही घरच्या जाळ्याबाहेर राहू शकतो.

पावसाळ्यात वीज जाऊन आली की काल चालणारे शेअरिंग आज बंद पडते, हाही अनेकांचा अनुभव. राउटर पुन्हा सुरू होताना क्रमांक नव्याने वाटू शकतो. काल ५ असलेला संगणक आज ८ होतो आणि जुन्या क्रमांकावर केलेला शॉर्टकट निकामी ठरतो. ज्या संगणकावर सामायिक फोल्डर आहे त्याचा क्रमांक राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन करून कायमचा बांधून घ्यावा. त्याच संगणकाची आपोआप झोपी जाण्याची सोयही बंद करावी, कारण झोपलेला संगणक जाळ्यातून नाहीसाच होतो.

यापुढे एक फरक ध्यानात घेतला की निम्मा गोंधळ मिटतो. नेटवर्कच्या यादीत नाव दिसणे आणि यंत्रापर्यंत पोहोचता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. यादी रिकामी असली तरी वाट चालू असू शकते. ती तपासण्यासाठी विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यांना लागून दुसऱ्या संगणकाचा क्रमांक टाकावा. अंक अर्थातच इंग्रजी कळफलकावरचे. फोल्डर उघडला, तर दोष फक्त यादीचा आहे. यादी भरणारी फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ही सेवा फोल्डर असलेल्या संगणकावर आपोआप सुरू होईल अशी ठेवली की नाव बहुधा परत येते. जुन्या पद्धतीची यादी एसएमबी या फाइल मागण्या-देण्याच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती आणि विंडोज ७ मध्ये आलेली होमग्रुप ही सोय २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढली गेली. त्यामुळे वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेली घरगुती जाळी त्या सुमारास एकाएकी रिकामी दिसू लागली.

क्रमांक टाकूनही काही उघडत नसेल, तर फायरवॉलकडे वळावे. विंडोज प्रत्येक जाळ्याला पब्लिक किंवा प्रायव्हेट ठरवते. पब्लिक म्हणजे एसटी स्टँड किंवा हॉटेलातल्यासारखे परके जाळे. तिथे संगणक आपले अस्तित्व लपवतो आणि फोल्डरची मागणी नाकारतो. नवे वायफाय जोडले, राउटर बदलला, की घरचे जाळेही पब्लिक धरले जाते. ते प्रायव्हेट करावे, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन्ही चालू करावीत. अख्खी फायरवॉल बंद करण्याची गरज नसते. एसएमबीला टीसीपीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट लागते आणि ते उघडण्याचे काम हीच सेटिंग करते. वेगळे विकत घेतलेले अँटिव्हायरस स्वतःची फायरवॉल चालवत असेल, तर हा बदल तिच्यातही करावा लागतो.

सर्वाधिक वेळ खाणारी पायरी ओळखीची. नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली म्हणजे जाळे, वाट आणि फायरवॉल सारे ठीक आहे. ही प्रगतीच समजावी. इथे बहुतेक जण समोरच्या लॅपटॉपचा पासवर्ड टाकतात. हवा असतो तो फोल्डर ज्या संगणकावर आहे त्याचा. पिन टाकणारेही पुष्कळ. पिन फक्त त्या यंत्रासमोर बसून उघडण्यासाठी असतो, जाळ्यावरून तो चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडणाऱ्या संगणकासाठी पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि रोज पिनने काम करणाऱ्याला तो आठवतच नाही. संगणकाला पासवर्डच ठेवला नसेल, तर विंडोज अशा खात्याला जाळ्यावरून येऊ देत नाही.

घरासाठी सगळ्यात सरळ व्यवस्था अशी: फोल्डर असलेल्या संगणकावर फक्त शेअरिंगसाठी एक स्थानिक खाते काढावे, त्याला साधे इंग्रजी अक्षरांतले नाव आणि चांगला पासवर्ड द्यावा, आणि बाकीच्या संगणकांवरून त्याच खात्याने जोडावे. जुना चुकीचा पासवर्ड विंडोजने साठवून ठेवला असेल, तर चौकट पुन्हा न विचारताच नकार येतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली ती नोंद पुसावी.

ओळख पटली आणि तरी नकार आला, तर प्रश्न हक्काचा. विंडोजमध्ये फोल्डरला हक्कांच्या दोन याद्या असतात, एक शेअरिंगखाली आणि दुसरी सिक्युरिटीखाली. जाळ्यावरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यांतली कडक असेल ती चालते. शेअरिंगमध्ये सर्व काही करू दिले पण सिक्युरिटीत फक्त वाचण्याची मुभा असली, तर फाइल उघडते, जतन होत नाही. एका फोल्डरातल्या सगळ्या फाइली उघडतात, एकच उघडत नाही, याचेही कारण इथेच सापडते: त्याच ड्राइव्हवरून हलवून आणलेली फाइल आपले जुने हक्क बरोबर घेऊन येते, तर कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरचे हक्क घेते. अख्खा सी ड्राइव्ह शेअर करणे टाळावे. कामाचा एक वेगळा फोल्डर काढून तेवढाच खुला करावा.

आता त्या उपायाबद्दल, जो अजूनही कुठे कुठे सुचवला जातो: एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करणे. एसएमबी म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक, फाइल मागण्या-देण्याची संगणकांमधली ठरलेली पद्धत. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती आखली आणि मायक्रोसॉफ्टने ती पुढे नेली. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या कामातून सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले आणि लिनक्सलाही ही पद्धत वापरता येऊ लागली. पहिली आवृत्ती अशा काळातली होती की जाळ्यातला प्रत्येक जण विश्वासाचा धरला जाई. २०१७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यातली एक गंभीर पळवाट बुजवणारी दुरुस्ती दिली; ती न घेतलेल्या यंत्रांतून १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. पुढच्याच महिन्यात २७ जूनला नॉटपेट्या या विषाणूने तीच पळवाट आणि चोरलेले पासवर्ड यांच्या आधारे धुमाकूळ घातला, आणि नवी मुंबईतल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० पासून पहिली आवृत्ती टप्प्याटप्प्याने काढली जाऊ लागली.

घरचा राउटर बाहेरून थेट येणारी वाट अडवतो, हे खरे. पण धोका आत चालत येतो, तो बाहेर वापरून आणलेल्या लॅपटॉपबरोबर. म्हणून जुना राउटर, त्याला जोडलेली हार्ड डिस्क किंवा जुना स्कॅनर नव्या संगणकाशी बोलत नसेल, तर आधी त्याचे फर्मवेअर अद्ययावत करावे. ते शक्य नसेल, तर डिस्क सरळ एखाद्या संगणकाला जोडून तिथून शेअर करावी. ऑक्टोबर २०२४ पासून येऊ लागलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीने प्रो संगणकांवर पासवर्डविना गेस्ट म्हणून जोडणेही मुळात बंद ठेवले आहे. अडचण वाटली तरी हे बंधन योग्य आहे आणि ते उलटवू नये. वर्कशॉपमधल्या यंत्राचा संगणक अजून विंडोज एक्सपीवर असेल, तर तो घरच्या जाळ्यात आणूच नये.

फोल्डर उघडतो पण फाइल येता येत नाही, ही तक्रार वेगाची. १०० एमबीपीएसच्या केबलवरून सेकंदाला जेमतेम ११ ते १२ मेगाबाइट जातात, १ जीबीपीएसवरून सुमारे ११०. म्हणजे लग्नाच्या चित्रीकरणाची ६० जीबीची फाइल पहिल्या केबलवर दीड तास घेईल, दुसरीवर दहा मिनिटांच्या आत येईल. केबलमधल्या आठ तारांपैकी चारच जोडल्या असतील, तर राउटर कितीही भारी घेतला तरी वेग १०० वरच अडतो. मोठ्या फाइलींचे काम करणाऱ्या घराने माडीपर्यंत चांगली केबल एकदाच ओढून घ्यावी.

काही तक्रारींचा शेअरिंगशी संबंधच नसतो. मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखा दिसला, तर तो श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो आणि तो फाँट तिथे नसतो. एक्सेलची फाइल फक्त वाचण्यासाठी उघडली, तर ती दुसऱ्या कोणीतरी आधीच उघडून ठेवलेली असते.

सामायिक फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, हे कोल्हापूरकरांना निराळे समजावण्याची गरज पडू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या भागांत तळमजले बुडाले. सोप्यातल्या संगणकावर घरभराच्या फाइली एकवटल्या असतील, तर त्यांची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर आठवड्यातून एकदा घ्यावी आणि मग डिस्क काढून वरच्या मजल्यावर ठेवावी. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइली खंडणीखोर विषाणू बाकीच्या फाइलींबरोबरच कुलूपबंद करतो.