बुऱ्हाणपूर : खानदेशच्या जुन्या राजधानीतील व्यापाराच्या वाटा

भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी रावेर सोडून महाराष्ट्राची हद्द ओलांडते आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येते. मुंबईपासून सुमारे ५०० किलोमीटर, भुसावळपासून तासाभराची वाट. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्यातून वेगळा बुऱ्हाणपूर जिल्हा झाला. पण बाजारात उर्दू आणि हिंदीबरोबर मराठीही सर्रास बोलली जाते, आणि सोयरसंबंध रावेर, भुसावळ, मालेगावपर्यंत पोहोचलेले आहेत. दिल्ली, लखनौकडे जाताना आमच्या व्यापारी वाचकांपैकी अनेकांनी हे स्टेशन खिडकीतून पाहिले असेल. तेथे उतरून बाजार पाहणारे मात्र फार थोडे. आम्ही उतरलो, शहरात आणि आसपासच्या भागात फिरलो. व्यापाराच्या दृष्टीने जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुफी संताच्या नावाचे शहर

खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची पहिली राजधानी आजच्या धुळे जिल्ह्यातील थाळनेर येथे होती. त्या घराण्यातील नासीर खान फारुकीने इ. स. १४०० च्या सुमारास तापीकाठी हे शहर वसविले. खुल्दाबाद येथे विश्रांती घेत असलेले सुफी संत हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) यांच्या नावावरून त्याला बुऱ्हाणपूर म्हटले गेले. नदीच्या पलीकडचे जैनाबाद हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.) यांच्या नावाचे. त्यांची कबरही खुल्दाबादलाच आहे. म्हणजे शहर मध्य प्रदेशात असले तरी त्याच्या नावाचे मूळ मराठवाड्यात आहे.

शहराच्या मध्यभागी फारुकी सुलतान आदिल शाह याने बांधलेली जामा मशीद आहे. तिच्या आत अरबी लेखासोबत संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका मुस्लिम राजाने मशिदीत संस्कृत लेख कोरवून घेतला, ही गोष्ट आजच्या काळात प्रत्येकाने जाऊन पाहण्यासारखी आहे.

१६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. बुऱ्हाणपूर त्याची राजधानी आणि दख्खनच्या मोहिमांचे मुख्य ठाणे बनले. उत्तरेकडून दख्खनमध्ये उतरणाऱ्या वाटेवर असीरगड उभा आहे. शहरापासून तो सुमारे २० किलोमीटरवर आहे. ‘दख्खनचा दरवाजा’ हे त्याचे नाव किती योग्य आहे, हे वर गेल्यावर कळते.

जेव्हा येथील कापड परदेशी जात होते

सुरतेच्या बंदरातून आग्र्याला जाणारा मोठा व्यापारी रस्ता बुऱ्हाणपूरवरून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ साली याच रस्त्याने आला आणि येथे शहजादा परवेझला भेटला. फ्रेंच जवाहिर व्यापारी ताव्हर्निये याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे की, येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच नव्हे तर रशिया आणि पोलंडपर्यंत जात होते. ते कापड पांढरे तर असेच, शिवाय रंगविलेले, फुलांच्या छापाचे आणि काठाला सोन्या-चांदीची तार लावलेलेही असे. सोन्या-चांदीची तार ओढण्याचा धंदा येथे पुढे इंग्रजी अमलातही टिकून होता.

या समृद्धीला धक्केही बसले. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात गुजरात आणि दख्खन उजाड झाले. तेव्हा शहाजहान बुऱ्हाणपुरातच होता. त्याने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे भुकेल्यांसाठी लंगर उघडविले. याच काळात, जून १६३१ मध्ये, मुमताज महल हिचे येथे निधन झाले. आग्र्याला नेण्यापूर्वी सहा महिने तिचा दफनविधी जैनाबादच्या आहुखान्यात झालेला होता. पुढे १६८१ साली मराठा फौजांनी शहराच्या पेठा लुटल्या. राजधानी म्हणून असलेले महत्त्व औरंगाबादकडे सरकले. तरीही माग बंद पडले नाहीत. राज्ये बदलली, पण विणकर आपल्या जागी राहिला.

पंपाशिवाय पाणी

कापडाच्या धंद्याला, विशेषतः रंगाईला, भरपूर पाणी लागते. आमच्या मते बुऱ्हाणपुरातील सर्वात मोठी पाहण्यासारखी गोष्ट म्हणूनच किल्ला नसून ‘कुंडी भंडारा’ आहे. लोक त्याला ‘खूनी भंडारा’ही म्हणतात. मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, ही योजना झाली. सातपुड्याच्या डोंगरातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी भुयारी नळात अडविले आणि नुसत्या उताराने शहरापर्यंत आणले. नळावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या आहेत. त्यांतून हवा खेळते, गाळ काढता येतो आणि पाणीही घेता येते. अशीच इराणी पद्धतीची नहर त्याच काळात मलिक अंबरने मराठवाड्यात बांधली, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच.

चारशे वर्षांनंतरही येथे पाणी वाहते. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कुंडी भंडाऱ्याचा समावेश झाला. पण भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर चढत आहेत, आणि केळीच्या बागांसाठी खोदलेल्या कूपनलिकांमुळे भोवतालच्या जमिनीतील पाणी खाली जात आहे. व्यापाराची पहिली ठेव पाणी असते. ती खर्च झाली की बाकीच्या ठेवी टिकत नाहीत.

यंत्रमागाची मजुरी

आज शहराच्या मोहल्ल्यांतून फिरताना कानावर येतो तो यंत्रमागाचा खडखडाट. मालेगाव किंवा भिवंडीच्या माणसाला येथे परके वाटणार नाही. तीच मोमीन-अन्सारी बिरादरी, तेच पत्र्याचे कारखाने, तीच सुताची धूळ. येथे अस्तर, बुकरम, पट्टीचे जाळीदार कापड आणि साधे ग्रे कापड मोठ्या प्रमाणात निघते.

धंद्याची पद्धतही ओळखीचीच आहे. सुताचा व्यापारी साइझिंग केलेले भीम मागवाल्याकडे पाठवितो. मागवाला कापड विणून ताके परत देतो आणि मीटरवर मजुरी घेतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, ग्राहक व्यापाऱ्याचा. मागवाल्याकडे राहतात ते माग, विजेचे बिल आणि कामगारांची मजुरी. सुताचा भाव उतरला की व्यापारी थांबतो आणि माग बंद राहतात. भाव चढला तरी मागवाल्याची मजुरी तेवढीच राहते. एका मागवाल्याने आम्हाला सांगितले, “आमच्या कापडावर आमचे नाव नसते. ते कोणाच्या कोटाच्या आत लागते, तेही आम्हाला माहीत नसते.”

हे वाक्य आम्हाला फार बोचले. ज्या शहराचे रंगविलेले, जरीचे कापड नावानिशी परदेशी जात होते, त्याच शहरातील विणकर आज बिननावाचे कच्चे कापड मजुरीवर विणतो. कसब गेलेले नाही. रंगाई, छपाई, शिलाई आणि विक्री हे पुढचे टप्पे हातातून गेले आहेत, आणि नफा त्याच टप्प्यांत असतो. मालेगाव आणि भिवंडीच्या विणकरांचे दुखणे याहून वेगळे नाही, म्हणून हा प्रश्न केवळ बुऱ्हाणपूरचा समजू नये.

मोठ्या कारखान्यांवर विसंबून राहण्याचे दिवसही गेले. शहराची जुनी ताप्ती मिल नॅशनल टेक्स्टाईल कॉर्पोरेशनकडे होती. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिचा भोंगा थांबला. जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना हा देशातील पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना. पंडित नेहरूंनी १९५६ साली तो राष्ट्राला अर्पण केला. २०१६ पासून तो नूतनीकरणासाठी बंद होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. सहा वर्षांच्या बंद काळात गावच्या दुकानदारांनी काय सोसले, ते नेपानगरच्या बाजारात बसून ऐकावे.

केळीचा बाजार

शहराबाहेर पडताच दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात. रावेर, सावदा, यावल या आपल्या केळी पट्ट्याचाच हा पुढचा भाग आहे. राज्याची सीमा जमिनीवर दिसत नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इकडे मध्य प्रदेश शासनाने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बुऱ्हाणपूरसाठी केळीच निवडली आहे.

बुऱ्हाणपूरच्या बाजार समितीत केळीचा लिलाव होतो. तेथे निघालेल्या भावाकडे रावेर-सावद्याच्या शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे रोज लक्ष असते. माल ट्रकांनी उत्तरेकडे जातो. चांगला माल खोक्यांत भरून आखाती देशांकडेही जाऊ लागला आहे. त्यासाठी घड जमिनीला न लावता उतरविणे, फण्या कापून धुणे, वजन करून सुमारे १३ किलोच्या खोक्यात भरणे आणि थंड गाडीत चढविणे अशी सारी साखळी लागते. या कामांत तरुणांना रोजगार आहे. केळीचे वेफर्स आणि खोडाच्या धाग्याच्या वस्तू हे उद्योगही येथे उभे राहात आहेत.

धोका मात्र लहान नाही. मे-जूनमधील एक वादळ उभी बाग आडवी करते, आणि माल एकदम बाजारात आला की भाव कोसळतो. या धंद्यात उतरणाऱ्याने दोन हंगाम एखाद्या अनुभवी अडत्याजवळ बसून काढावेत, असा आमचा सल्ला आहे.

मावा जिलेबीचा धडा

रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर गेलेल्या प्रत्येकाने ‘बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी’ ही पाटी वाचलेली असते. खव्याची, जाड, गडद तपकिरी रंगाची ही जिलेबी या शहराची ओळख आहे. रवा आणि तुपाचा दराबाही येथील खास. हातावर फिरवून मोठ्या उलट्या कढईवर भाजलेले रुमालासारखे मांडे सालनासोबत खाल्ल्याशिवाय येथून कोणी परतत नाही.

कापड आणि जिलेबी दोन्ही याच शहरातील कारागिरांच्या हातची. कापडावर नाव नाही म्हणून मजुरी मिळते. जिलेबीवर शहराचे नाव आहे म्हणून पाचशे किलोमीटरवरच्या बाजारात गिऱ्हाईक ते नाव विचारीत येते आणि दोन पैसे जास्त देते. आमच्या उद्योजकांनी लक्षात ठेवण्यासारखा धडा या भेटीत आम्हाला मिळाला तो हाच. वस्तू पूर्ण करून, आपल्या नावाने, थेट गिऱ्हाइकाला विकली पाहिजे.

येणाऱ्यांची सोय

शहराजवळ दाऊदी बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी आहे. देशपरदेशातून झायरीन वर्षभर येत असतात. स्वच्छता, राहण्या-जेवणाची सोय आणि शिस्त पाहून आम्ही प्रभावित झालो. गुरू गोविंदसिंगजी नांदेडला जाताना १७०८ साली ज्या ठिकाणी थांबले, तेथील बडी संगत गुरुद्वारातही मोठी वर्दळ असते. याउलट शाही किल्ल्यातील हमाम, त्यातील रंगीत नक्षी आणि आहुखाना पाहायला येणाऱ्याला माहिती देणारा माणूस सहज भेटत नाही. उर्दू, हिंदी, मराठी आणि थोडी इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांनी वाटाड्याचे काम शिकून घेतले, तर भांडवलाशिवाय रोजी मिळू शकेल.

जाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी

आमच्या वाचकांपैकी ज्यांना बुऱ्हाणपूरशी व्यवहार करावयाचा असेल, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, मध्यस्थाच्या नमुन्यावर न जाता स्वतः जाऊन माल पाहावा. स्टेशन लालबाग भागात आहे. तेथून शहर रिक्षाने थोड्या वेळात गाठता येते.

दोन, तयार कपडे, पडदे, बॅगा किंवा रुग्णालयीन पट्टी यांचा धंदा करणाऱ्या लहान उद्योजकांनी मागवाल्याकडून थेट कापड घेण्याचा प्रयत्न करावा. सुरुवात थोड्या ताक्यांनी करावी. दोन्ही बाजूंना दोन पैसे अधिक सुटतील.

तीन, चार-सहा मागवाल्यांनी मिळून सूत घ्यावे आणि कापड स्वतः रंगवून विकावे. एकट्याला न पेलणारे भांडवल भागीदारीत पेलते. नफा आणि तोटा दोन्ही वाटून घेण्याची ही पद्धत शरीअतला धरून आहे आणि व्याजाच्या कर्जापासूनही वाचविते.

चार, व्यवहार भावाशी असो की परक्याशी, लिहून ठेवावा. पवित्र कुरआनात सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची नोंद करण्याचा स्पष्ट आदेश आहे. भीम किती आले, ताके किती गेले, मजुरी केव्हा देणे आहे, हे कागदावर असेल तर यंत्रमागाच्या मोहल्ल्यातील निम्मी भांडणे मिटतील.

बुऱ्हाणपूरच्या विणकराच्या हातात सहाशे वर्षांचे कसब आहे. ते मजुरीत संपवायचे की त्याचा व्यापार करायचा, हे ठरविण्याची वेळ तेथील आणि आपल्याकडील विणकर बंधूंवर आलेली आहे. त्यांच्या मेहनतीत अल्लाह बरकत देवो.