ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा

करोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या घराघरांत एक छोटं उपकरण आलं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं ते बोटाला लावायचं आणि आकड्याकडे बघत बसायचं. ९७ आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा, ९२ आला की धावाधाव सुरू व्हायची. त्याच पडद्यावर आणखी एक आकडा असायचा. कधी ७८, कधी ८८, कधी १०४. त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. तो नाडीचा आकडा होता. हृदयाचे मिनिटाला किती ठोके पडतात, हे तो सांगत होता.

खरं तर पहिला आकडा या दुसऱ्याच्याच जिवावर उभा असतो. जपानमधले अभियंते ताकुओ आओयागी १९७० च्या दशकात प्रकाशाच्या मदतीने रक्तप्रवाह मोजायची खटपट करत होते. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी यंत्रातली रेघ वरखाली व्हायची आणि मोजमाप बिघडायचं. हा अडथळा दूर करता करता त्यांच्या लक्षात आलं, की ठोक्यासरशी प्रकाशात जेवढा फरक पडतो, तेवढा फक्त धमनीतल्या ताज्या रक्तामुळे पडतो. हाड, कातडी, शिरांमधलं रक्त यांचा वाटा बदलत नाही, म्हणून तो वजा करता येतो. १९७४ मध्ये मांडलेल्या या कल्पनेतून आजचा पल्स ऑक्सिमीटर घडला. नाडी सापडली नाही, तर त्याला ऑक्सिजनही सांगता येत नाही.

तर मग हा दुसरा आकडा किती असावा?

६० ते १०० : मर्यादा कुणी आखली?

वैद्यकाच्या पुस्तकातलं उत्तर सरळ आहे. मोठ्या माणसाच्या हृदयाचे ठोके स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला ६० ते १०० असावेत. लहान मुलांचे जास्त असतात. नवजात बाळाचे १०० ते १६० च्या दरम्यान, शाळकरी मुलाचे साधारण ७० ते ११०. मूल वाढतं तसा वेग उतरत जातो आणि किशोरवयात तो मोठ्यांच्या पातळीवर येतो. तान्ह्या बाळाच्या छातीला हात लावल्यावर जी धडधड जाणवते, ती बहुतेक वेळा त्याच्या वयाची नेहमीची गती असते.

मात्र ६० आणि १०० या काही निसर्गाने आखलेल्या रेषा नव्हेत. ईसीजीचा कागद पाहा. त्यावरचा एक मोठा चौकोन म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दोन ठोक्यांत पाच चौकोनांचं अंतर असेल तर वेग ६० येतो, तीन चौकोनांचं असेल तर १००. मोजायला सोपे असे हे आकडे आहेत. अमेरिकन हृदयतज्ज्ञ डेव्हिड स्पोडिक यांनी १९९० च्या दशकात निरोगी माणसांच्या नोंदी पुढे ठेवून ५० ते ९० ही मर्यादा अधिक खरी आहे, असा आग्रह धरला. पुस्तकात जुनी मर्यादा कायम राहिली. पण निरोगी माणसाची नाडी ५४ लागली म्हणून घाबरायचं कारण नाही आणि रोज ९६ लागते म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही.

हृदयाचा वेग आणि मेंदूचा लगाम

ठोका पडतो कुठून, याचं उत्तर गेल्या शतकाच्या सुरुवातीला मिळालं. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आर्थर कीथ हे शरीररचनातज्ज्ञ आणि मार्टिन फ्लॅक हा वैद्यकाचा विद्यार्थी मिळून वेगवेगळ्या प्राण्यांची हृदयं तपासत होते. मोल हा जमिनीत बिळं करून राहणारा चिमुकला प्राणी. त्याच्या हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात फ्लॅकला वेगळ्याच पेशींचा एक पुंजका दिसला. १९०७ मध्ये दोघांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. माणसाच्या हृदयातही त्याच जागी हा पुंजका असतो. तिथल्या पेशींत कुणी न सांगता ठरावीक अंतराने विद्युतलहर उठते, ती हृदयभर पसरते आणि ठोका पडतो.

या पुंजक्याला मोकळं सोडलं, तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. मग बहुतेकांची नाडी ७० च्या आसपास का लागते? कारण मेंदूपासून निघालेली व्हेगस ही नस त्याला सतत आवरत असते. १८४५ मध्ये जर्मनीतल्या वेबर बंधूंनी ही नस विजेने उत्तेजित केली, तेव्हा हृदय मंदावलं, थांबलंसुद्धा. नस अवयवाला चालवते, हे सगळ्यांना माहीत होतं. ती थांबवूही शकते, हे तेव्हा नवीन होतं.

लगाम कसा खेचला जातो, हे ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी यांनी दाखवलं. त्यांनी दोन बेडकांची हृदयं द्रवात ठेवली. एकाची व्हेगस उत्तेजित केली, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. त्या दुसऱ्याला कुठलीही नस जोडलेली नव्हती, तरी तेही मंदावलं. म्हणजे नसेतून एक रसायन पाझरत होतं. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगासाठी लोवी यांना हेन्री डेल यांच्यासोबत १९३६ चं नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन.

माणसातला पुरावा हृदय प्रत्यारोपणाने दिला. नवं हृदय बसवताना रक्तवाहिन्या जोडता येतात, या बारीक नसा जोडता येत नाहीत. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी स्वस्थ बसलेला असतानाही बहुधा ९० ते ११० लागते. लगाम सुटलेल्या हृदयाचा हा स्वतःचा वेग.

हा लगाम तुम्हाला आत्ता, बसल्या जागी जाणवू शकतो. मनगटावर बोटं ठेवा आणि सावकाश खोल श्वास घ्या, मग हळूहळू सोडा. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. तरुणांमध्ये आणि मुलांमध्ये हा फरक ठळक असतो आणि तो निरोगीपणाचं लक्षण आहे.

सत्तर गुणिले सत्तर

एका ठोक्याला हृदय साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले, तर हे होतात जवळपास पाच लिटर. स्वस्थ बसलेल्या शरीराची गरज एवढीच. दिवसाचे ठोके एक लाखाच्या वर जातात.

नाडी का वाढते आणि का कमी होते, याचा बराचसा उलगडा या गुणाकारात आहे. वर्षानुवर्षं धावणाऱ्या, पोहणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याचं ४५-५० ठोक्यांत भागतं. विदर्भातल्या मे महिन्यात पाणी कमी पडलं, की रक्ताचं आकारमान घटतं. दर ठोक्याला कमी रक्त निघतं आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रीचंही तसंच. रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे प्रत्येक फेरीत ऑक्सिजन कमी पोहोचतो, मग फेऱ्या वाढवाव्या लागतात. ‘जिना चढला की धडधडतं’ ही तक्रार आपल्याकडे कितीतरी बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. तिचं मूळ अनेकदा इथे असतं आणि साध्या रक्ततपासणीत ते सापडतं.

गरोदरपणात नाडी दहा ते वीस ठोक्यांनी वाढते, ते स्वाभाविक आहे. ताप, थायरॉइडचा जोर, वेदना, काळजी, दम्याची काही औषधं यांनी ती चढते. रक्तदाबाच्या काही गोळ्या ती मुद्दाम उतरवतात. त्या घेणाऱ्याची नाडी ५५ लागली, तर गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

माझा आकडा, तुमचा आकडा

२०२० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या संशोधकांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मनगटी पट्टा वापरणाऱ्या ९२,४५७ प्रौढांच्या रोजच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सगळ्यांची सरासरी आली ६५.५. पण एका माणसाचा नेहमीचा आकडा दुसऱ्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ७० ठोक्यांपर्यंत वेगळा असू शकतो, असं दिसलं. एकाच माणसाचा आकडा मात्र आठवड्यामागून आठवडे फारसा हलत नव्हता.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते. नाडी ८४ लागली, याचा एकट्याने काही अर्थ लागत नाही. जिची रोज ८२ लागते, तिच्यासाठी ती नेहमीची. ज्याची रोज ६० लागते, त्याच्यासाठी ८४ हा निरोप आहे. ताप येऊ घातला असेल, झोप मोडली असेल किंवा आणखी काही. तो निरोप वाचायला आपला नेहमीचा आकडा आधी माहीत हवा.

बोटांना जे कळतं

आपल्याकडच्या वैद्यांनी नाडीचे ठोके मोजण्यापेक्षा तिची चाल पाहिली. शार्ङ्गधर संहितेत वाताची नाडी सर्प आणि जळूसारखी, पित्ताची कावळा आणि बेडकासारखी, कफाची हंस आणि पारव्यासारखी चालते, असं वर्णन आहे. आजचं वैद्यक ही वर्गवारी वापरत नाही. पण आकड्याइतकीच चालही महत्त्वाची, हे आजही खरं आहे. युरोपात मोजणीची साधनं आली ती सतराव्या शतकापासून. इटलीत सँटोरिओ यांनी दोरीचा लंबक नाडीशी जुळवून वेग मोजला. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर यांनी मिनिटभर चालणारं खास घड्याळ करवून घेतलं आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

चालीला एवढं महत्त्व का? एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. आकडा ८० येऊ शकतो, म्हणजे दिसायला ठीक. पण ठोक्यांत ताळमेळ नसतो. दोन जवळ, एक लांब, पुन्हा तीन घाईने. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. हा धोका अशा माणसाला सुमारे पाचपट असतो. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेल्यांत हा विकार तरुण वयातही दिसतो. ही बेताल चाल तीन बोटांना कळू शकते.

म्हणून उद्या सकाळी जाग आल्यावर, चहाच्या आधी, अंथरुणातच नाडी मोजा. तळहात वर करा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन-तीन बोटं हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याला स्वतःचीच नाडी असते. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा आणि ताल एकसारखा आहे का, तेही पाहा. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवा. आठवडाभर हे केलंत, की तुमचा आकडा तुम्हाला सापडेल. घरातल्या वडीलधाऱ्यांचाही लिहून ठेवा.

स्वस्थ बसलेलं असताना नाडी वारंवार १०० च्या वर लागत असेल, ५० च्या खाली जाऊन थकवा किंवा चक्कर येत असेल, ताल बिघडलेला वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. धडधडीबरोबर छातीत दुखलं, धाप लागली किंवा शुद्ध हरपली, तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि जाताना कॅलेंडरवरचे ते सात आकडे सोबत न्या. दवाखान्यात मोजलेली नाडी त्या एका क्षणाची असते, तुमची नेहमीची नाडी फक्त तुम्हीच सांगू शकता.