आईचं लग्न? मग चहा कोण करणार!

'अग्गंबाई सासूबाई' आठवते? २०१९ला झी मराठीवर आलेल्या या मालिकेत सून शुभ्रा चक्क सासूबाईंचं, आसावरीचं लग्न शेफ अभिजित राजेंशी लावून देते. विरोध कोणाचा? पोटच्या पोराचा, सोहमचा! सगळं आईनंच हातात द्यायचं, ही त्याची सवय. सोलापुरातल्या आमच्या घरात मालिका बघताना मीही सोहमला शिव्या घातल्या. पण उद्या आपल्याच आईनं असं ठरवलं तर? १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाचं किमान वय आहे, कमाल नाही. मुलांची परवानगी लागते असंही त्यात कुठं नाही. म्हणजे अडचण कायद्याची नाही, आपल्याला ताटात आयती मिळणाऱ्या गरम भाकरीची आहे. 'लोक काय म्हणतील' म्हणण्याआधी एकदा भाकरी थापून बघा, दोस्तांनो!