विश्लेषण : लोणार सरोवर गुलाबी का झाले होते? उत्तर एका ओळीत मावते का?

जून २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले. टाळेबंदीचे दिवस होते, लोक घरात आणि फोनवर होते. एक फोटो आणि ‘लोणार सरोवर गुलाबी झाले’ ही ओळ झपाट्याने पसरली. त्यामागचे कारण प्रयोगशाळेतून यायला मात्र जुलै उजाडला. ऑनलाइन चर्चेत थोडक्यात लिहावे की सविस्तर, हा जुना वाद आहे. लोणारच्या निमित्ताने तो समजून घेऊ.

नेमके काय घडले होते?

नासाच्या लँडसॅट-८ उपग्रहाने २५ मे आणि १० जून २०२० रोजी टिपलेल्या छायाचित्रांत हा फरक स्पष्ट दिसतो. पहिल्यात पाणी हिरवट, दुसऱ्यात गुलाबी. वन विभागाने पाण्याचे नमुने नागपूरची ‘नीरी’ आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे पाठवले. सरोवराच्या संवर्धनाची जनहित याचिका तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होती. न्यायालयानेही रंगबदलाची दखल घेतली.

आघारकर संस्थेच्या तपासणीत खाऱ्या पाण्यात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ हे सूक्ष्मजीव आढळले. पाऊस नसल्याने गोड्या पाण्याची भर कमी होती आणि उन्हाने बाष्पीभवन वाढले होते. त्यामुळे पाण्याची क्षारता वाढली, हे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसले. नमुना काही वेळ स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी रंगहीन झाले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्या जिवांचा होता.

छोट्या पोस्टने काय साधले?

बरेच काही. काय घडले, कुठे घडले आणि कसे दिसते, हे एका ओळीत आणि एका फोटोत आले. अशी माहिती पडताळताही येते. काठावर जाऊन पाहता येते, उपग्रहाच्या छायाचित्राशी जुळवता येते. एरवी भूगोलाच्या पुस्तकापुरत्या राहणाऱ्या सरोवराकडे देशाचे लक्ष गेले. घटना कळवायची असेल तर छोटी पोस्ट उत्तम.

मग अडचण कुठे येते?

अडचण ‘का’ या प्रश्नापाशी येते. सुरुवातीला टाळेबंदीमुळे माणसांचा वावर थांबला म्हणून रंग बदलला असावा, लाल रंगद्रव्याचे ‘ड्युनालिएला’ शेवाळ असावे, असे अंदाज व्यक्त झाले. शेवाळाचा अंदाज गैर नव्हता. जगात काही खारी सरोवरे त्यामुळे लालसर होतात, आणि आघारकरच्या संशोधकांनाही आधी तीच शक्यता वाटली होती. पण मजकूर कापताना पहिला बळी जातो तो ‘असावे’, ‘शक्यता आहे’ या शब्दांचा. ‘शेवाळ असावे’ याचे ‘शेवाळामुळे’ व्हायला एक फॉरवर्ड पुरतो.

खरे उत्तर साखळीसारखे आहे : कमी पाणी, जास्त बाष्पीभवन, वाढलेली क्षारता, वाढलेले सूक्ष्मजीव, त्यांचे रंगद्रव्य. एक कडी काढली की अर्थ बदलतो. ‘मिठामुळे गुलाबी’ म्हटले तर मीठच गुलाबी वाटते. ‘जिवाणूंमुळे गुलाबी’ म्हटले तर कोणीतरी घाण सोडली असावी असा संशय येतो. शिवाय आर्किया हा जिवाणूंपेक्षा वेगळा सूक्ष्मजीवांचा गट आहे.

लोणारबद्दलचे आणखी कोणते दावे असे तुटतात?

वय : ‘लोणार ५० हजार वर्षे जुने’ असे सर्रास लिहिले जाते. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने ते साधारण ५२ हजार वर्षे येते. आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने मात्र सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. पद्धत न सांगता दिलेला आकडा अर्धवट ठरतो.

व्याप्ती : विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, तर आतल्या पाण्याचा सुमारे १.२ किलोमीटर. दोन्ही आकडे बरोबर, पण कशाचा कोणता हे सांगावे लागते.

‘जगातील एकमेव’ : बेसॉल्ट खडकातील आघात विवरे ब्राझीलमध्येही आहेत, उदाहरणार्थ वार्जियाव आणि व्हिस्टा अलेग्रे. लोणारचे वेगळेपण असे की ते तुलनेने तरुण आणि उत्तम टिकलेले आहे.

थोडक्यात लिहिण्याची सवय लागली कुठून?

काही अंशी तंत्रज्ञानातून. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरी मजकुरात प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘लोणार’ आपल्याला तीन अक्षरी वाटते, पण फोनच्या हिशेबात ती पाच चिन्हे आहेत. ‘लोणार सरोवर गुलाबी झाले’ हे वाक्य २३ चिन्हांत बसते. कारणांची वरची साखळी ७० च्या बरीच पुढे जाते.

ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादाही एसएमएसवरूनच आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती २८० झाली. व्हॉट्सॲपवर बराच लांब मजकूर लिहिता येतो, पण मोठा संदेश ‘रीड मोअर’मागे दुमडला जातो. लिहिणाऱ्याने अट तिथे ठेवली, तर अनेकांपर्यंत ती पोहोचतच नाही.

मग लांब पोस्ट म्हणजे खरी पोस्ट का?

अजिबात नाही. ‘शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे’ असे दहा वेळा लिहून एकाही संस्थेचे नाव न देणारे लांबलचक फॉरवर्ड सगळ्यांनी पाहिले आहेत. लांबीमुळे मजकूर अभ्यासू वाटतो आणि तो तपासण्याचा कंटाळाही येतो. काही प्रश्नांना तर एक ओळच पुरते. ‘मेहकरहून लोणारचा रस्ता सुरू आहे का?’ असे कोणी विचारले, तर त्याला उल्कापाताचा इतिहास नको असतो.

फरक लांबीपेक्षा प्रश्नाचा आहे. ‘काय, कुठे, केव्हा’ याला थोडके उत्तर चालते. ‘का’ आणि ‘कसे’ याला जागा लागते.

ग्रुपवर लिहिताना काय करता येईल?

• उत्तर पहिल्या ओळीत द्या, कारण नंतर.
• खात्री नसेल तर ‘असावे’ हा शब्द त्याच पहिल्या ओळीत ठेवा.
• माहिती कोणाची आणि कोणत्या तारखेची, ते लिहा.
• मजकूर कापायचा असेल तर विशेषणे कापा, अटी कापू नका.
• पुढे पाठवण्याआधी ‘रीड मोअर’ उघडून शेवटपर्यंत वाचा.

उदाहरणार्थ, जून २०२० मध्ये अशी पोस्ट पुरली असती : ‘लोणारचे पाणी गुलाबी दिसत आहे, कारण अजून निश्चित नाही. शेवाळ किंवा सूक्ष्मजीव असावेत. नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत. अहवाल आल्यावर इथेच कळवतो.’ चारच वाक्ये, आणि जुलैमध्ये त्यातले एकही मागे घ्यावे लागले नसते.

लोणारसाठी हे महत्त्वाचे का?

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतरचे हे राज्यातील दुसरे स्थळ. इथली जीवसृष्टी पाण्याच्या क्षारतेवर आणि अल्कधर्मी गुणावर अवलंबून आहे. सरोवरात येणारे सांडपाणी हा संवर्धनाच्या चर्चेतील जुना विषय आहे. रंगबदल प्रदूषणामुळे झाला असे ठरले तर करायचे काम वेगळे, क्षारतेच्या नैसर्गिक चढउतारामुळे झाला असे ठरले तर वेगळे. कारण चुकले की उपायही चुकतो.

या सरोवराने घाई कधीच मानलेली नाही. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. ते ज्वालामुखीचे नसून आघाताने बनले, याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्ये दीडशे वर्षे गेली. गुलाबी रंगाचे उत्तर तर महिन्या-दीड महिन्यात मिळाले.

रंगही पुढे ओसरला. पण तेव्हाचा फोटो तारखेशिवाय आज तुमच्या ग्रुपवर आला, तर वाचणाऱ्याला सरोवर आजच गुलाबी झाले असे वाटेल. तो पुढे पाठवताना सोबत ‘जून २०२०’ एवढे दोन शब्द लिहिले तरी पुरे.