राजवाड्याबाहेरचे लक्ष्मीविलास

बडोद्यास गेलेला प्रवासी लक्ष्मीविलास राजवाडा पाहिल्यावाचून सहसा परतत नाही; पण बहुतेकांचे बडोदे तेथेच संपते. वास्तविक उद्यान, चित्रशाळा आणि ग्रंथालय अशी जी त्रयी सयाजीराव गायकवाड यांनी उभी केली, तिचा मोठा भाग राजवाड्याच्या आवाराबाहेर आहे. तो बाहेर कसा गेला हे ध्यानी घेतले म्हणजे आतले वैभवही निराळ्या दृष्टीने पाहता येते.

राजवाडा १८९० साली पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये निवर्तल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले. दरबार दालनाच्या फरशीवर व्हेनिसच्या धर्तीचे मोझेइक आहे, खिडक्यांना रंगीत काचा आहेत आणि फेलिची या इटालियन शिल्पकाराच्या मूर्ती जागोजागी उभ्या आहेत. राजवाडा बकिंगहॅमच्या किती पट मोठा, हे मार्गदर्शक आवर्जून सांगतात; त्या मापाने वास्तू समजण्यास काही साहाय्य होते असे नाही. उद्यानाची आखणी विल्यम गोल्डरिंग यांची. याच आवारात नवलखी वाव ही १४०५ सालची पायऱ्यांची विहीर आहे, म्हणजे राजवाड्याहून चारशेहून अधिक वर्षांनी वडील.

आवारातील खरा ठेवा मात्र चित्रांचा. सयाजीरावांनी १८८८ मध्ये राजा रविवर्मा यांच्याकडे पौराणिक विषयांवरील चौदा चित्रे सोपविली. राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत १९६१ मध्ये महाराजा फत्तेसिंह म्युझियम स्थापन झाले. तेथे रविवर्म्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. विश्वामित्र आणि मेनका, शंतनू आणि मत्स्यगंधा ही मंडळी मराठी वाचकास अनोळखी नाहीत. बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांस सुचविले होते की, चित्रांच्या छापील प्रती काढाव्या, म्हणजे ती सर्वांस मिळतील. पुढे १८९४ मध्ये मुंबईनजीक घाटकोपर येथे रविवर्म्यांचा छापखाना निघाला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती असंख्य घरांतील देव्हाऱ्यावरच्या भिंतीस लागल्या. छापील प्रतीत सपाट झालेले रेशीम मूळ तैलचित्रात कसे चकाकते, हे पाहण्यासाठी तरी चित्रासमोर थोडे थांबावे.

विश्वामित्री नदीच्या काठी सयाजीबाग आहे. लोकांसाठी हे उद्यान १८७९ मध्ये करण्यात आले. तेथील वस्तुसंग्रहालयाची इमारत १८९४ ची. शेजारच्या चित्रशाळेचे बांधकाम १९१४ मध्ये पुरे झाले, पण महायुद्धामुळे युरोपातील चित्रे येण्यास विलंब लागला आणि ती १९२१ मध्ये उघडली. अकोटा येथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती अभ्यासकांना येथे ओढून आणतात. मुलांचे पाय आधी देवमाशाच्या प्रचंड सांगाड्याकडे वळतात. त्यात वावगे काही नाही.

ग्रंथालयाची हकीकत याहून विचार करण्याजोगी आहे. संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. पण शाळेतून बाहेर पडलेल्या शेतकऱ्याच्या मुलास पुढे वाचावयास काहीच मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे तो किती दिवस जपणार? अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये सयाजीरावांनी पाहिली होती. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविले आणि राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा खासगी संग्रह नव्या मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकला. लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेडोपाडी जाऊ लागली. गावच्या ग्रंथालयास गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी, तेवढीच भर सरकारने व प्रांत पंचायतीने घालावी, अशी रीत होती. तेव्हा ही केवळ राजाची देणगी नव्हे. गावकऱ्यांचे पैसे आणि मोतीभाई अमीन यांच्यासारख्यांचे परिश्रमही तीत आहेत. राजस्तुतीच्या भरात हे अनेकदा सांगावयाचे राहून जाते.

या ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातूनच १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर निर्माण झाले, आणि वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती त्याने १९७५ मध्ये पूर्णत्वास नेली.

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ग्रंथांची कपाटे पोलादी आहेत आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या. दिव्यावाचून वरचा उजेड खालच्या मजल्यावर उतरावा, यासाठी ही योजना. ती पाहावयाची तर राजवाडा दुसऱ्या प्रहरावर टाकून येथे सकाळीच यावे.