आधी खूण, मग ड्रिल

ड्रिल मशीन आता घरोघरी पोहोचले आहे. एके काळी भिंतीत साधी खुंटी बसवायची तरी मिस्त्रीला निरोप धाडावा लागे. आता भोक पाडणे मिनिटाचे काम झाले आहे, पण चुकीच्या जागी पडलेले भोक मिटवणे मिनिटाचे काम नाही. टाइल फुटली तर तशीच टाइल बाजारात मिळेलच याची खात्री नसते. आमचा अनुभव असा की, भोक बहुधा मशीनमुळे चुकत नाही, ते पेन्सिलीच्या खुणेपाशीच चुकलेले असते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. पुस्तकांसाठी भिंतीवर फळी लावायला आम्ही एका तरुण कारागिराला बोलावले. मुलगा मेहनती, हात साफ. त्याने दोन्ही टोकांना जमिनीपासून पाच फूट मोजून खुणा केल्या आणि भोके पाडली. फळी चढवली, तर एक टोक तीन सूत खाली! त्याचे माप बरोबर होते, पण जमिनीला मोरीकडे उतार होता. पुन्हा भोके पाडावी लागली. मजुरी आम्ही पूर्ण दिली. पण शेजारी आपल्या स्वयंपाकघराचे काम त्याला देणार होते, त्यांनी ती फळी पाहिली आणि दुसरा मिस्त्री बोलावला. तीन सुतांपायी त्याचे मोठे काम गेले.

माप कोठून घ्यावे?

जमीन आणि छत सपाट असतात असे धरून चालू नये. एका टोकाची उंची ठरवावी आणि दुसरे टोक पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढावे. पाणसळ खरी आहे की नाही तेही पाहावे. ती उलटसुलट फिरवून ठेवली असता बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी आला पाहिजे.

ओळीने अनेक भोके पाडायची असतील तर प्रत्येक माप पहिल्या टोकापासूनच घ्यावे. सहा भोकांत दर वेळी मागच्या भोकापासून मोजले आणि एकाच बाजूला अर्धा मिलिमीटर चूक होत गेली, तर शेवटचे भोक अडीच मिलिमीटर सरकते. टेपचा हुक थोडा हलतो म्हणून कित्येक जण तो ठोकून घट्ट करतात. तसे करू नये. बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही मापे बरोबर यावीत म्हणून तो स्वतःच्या जाडीइतका मुद्दाम सैल ठेवलेला असतो.

खूण कशी करावी?

जाड ठिपक्याऐवजी बारीक टोकाच्या पेन्सिलीने फुली काढावी. भोक सुरू झाले की ठिपका नाहीसा होतो, फुलीच्या रेषा मात्र बाहेर दिसत राहतात आणि बिट सरकले तर लगेच कळते. चौकोनात चार भोके असतील तर दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तर चौकोन काटकोनात आहे.

लोखंडावर सेंटर पंचाने, लाकडावर टोच्याने फुलीच्या मध्यावर खळगा करावा. बिटचे टोक मध्यभागी नीट कापत नाही, म्हणून ते घसरते, खळगा त्याला धरून ठेवतो. मोठे भोक हवे असेल तर आधी बारीक बिट चालवावे. टाइलवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करावी आणि टाइल पार होईपर्यंत मशीनचे हॅमर बंद ठेवावे.

सर्व भोके एकदम नकोत

ब्रॅकेट, बिजागरी किंवा कडी जागेवर धरून तिच्याच भोकांतून खूण करावी, टेपपेक्षा हे खात्रीचे. आधी एकच भोक पाडून स्क्रू सैल बसवावा, पाणसळ लावावी आणि मग दुसरी खूण करावी. वस्तू मागून अडकवायची असेल तर तिच्या पाठीवर कागद ठेवून भोकांच्या जागा उतरवून घ्याव्यात आणि तो कागद भिंतीवर चिकटवावा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक टाळावे, आत वायर असण्याचा संभव असतो. नळाच्या भिंतीचेही तेच.

टेप हीच तराजू

सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना कडक ताकीद आहे. आपण ती किराणा दुकानाच्या तराजूपुरती समजतो, पण कारागिराची तराजू म्हणजे त्याची टेप. हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखत घडवताना कड्यांचा अंदाज नीट राखण्याचा हुकूम झाल्याचे सूरह सबामध्ये आले आहे. एका पैगंबराच्या कारागिरीतही मापाची ताकीद होती, मग आपण अंदाजपंचे काम कसे करावे?

गिऱ्हाइकाची भिंत ही आपल्या हाती दिलेली अमानत आहे. खूण पुन्हा तपासायला दोनच मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आमच्या कारागीर बंधूंनी जरूर द्यावीत. रोजीतली बरकत अशाच कामातून येते.