ओठ मागे, आवाज पुढे

फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेच्या दिवशी, देहूत दुपारी सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. 12 वाजून 2 मिनिटांनी वैकुंठगमन मंदिराजवळचा नांदुरकीचा वृक्ष हलतो अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ती वेळ आली की तुकोबांचा जयघोष होतो आणि झाडाच्या दिशेने फुले उधळली जातात. इंद्रायणीकाठच्या गर्दीला हा क्षण एकदमच मिळतो. घरी मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहणाऱ्याला मात्र तो उशिराने मिळतो, इंटरनेटवरून येत असेल तर कधी दहा तर कधी तीस सेकंदांनी. भिंतीवरच्या घड्याळात 12 वाजून 2 मिनिटे झालेली असतात आणि पडद्यावरचे कीर्तन अजून तिथवर पोचलेलेच नसते.

हा उशीर वाटेत साचतो. कॅमेऱ्याचे चित्र आधी आकसून लहान केले जाते, मग त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते तुकडे सर्व्हरवर जातात, आणि मध्येच अडखळायला नको म्हणून मोबाइलही दोन-चार तुकडे हाताशी जमवूनच दाखवायला सुरुवात करतो. उपग्रहाची वाट त्या मानाने जवळची. जमिनीपासून सुमारे 36 हजार किलोमीटर वर जाऊन परत यायला लहरींना पाव सेकंद पुरतो.

एवढ्या उशिराने भाविकाचे फारसे काही बिघडत नाही, कारण चित्र आणि आवाज दोन्ही सारखेच मागे असतात. 2020 आणि 2021 साली करोनामुळे तुकोबांच्या पादुका देहूहून एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो लोकांनी वारी पडद्यावरच पाहिली. तेव्हा प्रक्षेपण काही सेकंद मागे आहे म्हणून कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होते ती दोघांची फारकत झाली की. टाळ टाळावर आपटलेला दिसतो आणि नाद त्याआधीच येऊन गेलेला असतो. कीर्तनकारांचे ओठ एक शब्द म्हणत असतात, कानावर पुढचाच पडतो.

ही फारकत माणसाच्या कधी लक्षात येते, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने प्रेक्षकांवर चाचण्या घेऊन ठरवले आहे. आवाज चित्राच्या पुढे असेल तर 45 मिलिसेकंदांनाच तो खटकू लागतो, म्हणजे टीव्हीच्या जेमतेम एका फ्रेमएवढ्या फरकाला. मागे असेल तर 125 मिलिसेकंदांपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. एका बाजूला इतकी कडक शिस्त आणि दुसऱ्या बाजूला इतकी ढील, यामागे हवेतला ध्वनीचा वेग आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. दिंडीत 34 मीटर पुढे चालणाऱ्या टाळकऱ्याचा टाळ आपल्याला दिसतो त्याच क्षणी, पण ऐकू येतो एक दशांश सेकंदाने. मेंदूला ही सवय जन्मापासून आहे. आवाज आधी आणि घटना मागाहून, असे मात्र निसर्गात कधीच होत नाही.

वारकऱ्यांना हा हिशेब आकड्यांनी मांडावा लागलेला नाही. प्रत्येक दिंडीचा ठेका तिच्या स्वतःच्या वीणेकऱ्याभोवती आणि मृदंगाभोवती धरला जातो. शंभर मीटर पुढच्या दिंडीशी ताल जुळवायला गेले तर मात्रेचा बराचसा भाग हवेतच हरवेल. माउलींच्या पालखीत समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. तो इशारा कानासाठी नाही, डोळ्यासाठी आहे, त्यामुळे तो मागच्या माणसापर्यंतही विलंबाशिवाय पोचतो.

कीर्तनाच्या मोठ्या मंडपात एलईडी पडदा लावला की नवी अडचण उभी राहते. कॅमेरा, चित्र जुळवणारा स्विचर आणि पडद्याचा प्रोसेसर यांपैकी प्रत्येक जण एक-दोन फ्रेम स्वतःजवळ ठेवून मगच पुढे सोडतो. माइकचा आवाज मिक्सरमधून थेट स्पीकरला जातो. त्यामुळे पडद्यावरचे कीर्तनकार शंभरेक मिलिसेकंद मागे पडतात, आणि पुढच्या रांगेत बसलेल्याला नको ती बाजू भोगावी लागते: आवाज पुढे, ओठ मागे. गंमत अशी की व्यासपीठाजवळच्या स्पीकरपासून तीस-पस्तीस मीटर मागे बसलेल्याला सगळे बरोबर जुळलेले दिसते, कारण पडद्याने लावलेला उशीर हवेने आवाजालाही लावलेला असतो. जाणता साउंडवाला मिक्सरवरच आवाजाला थोडा विलंब देतो. मात्र तो जास्त झाला तर समोर बसलेल्यांना प्रत्यक्षातले कीर्तनकार आणि त्यांचा आवाज वेगळे वाटू लागतात. दोन्ही रांगा एकाच वेळी खूश करता येत नाहीत.

मग दोघांपैकी कोणी कोणाच्या मागे चालायचे? आजच्या मोबाइलमध्ये आणि संगणकात याचे उत्तर बहुतेक ठरलेले आहे: आवाज मालक, चित्र त्याच्या मागे. व्हिडिओतल्या डिजिटल ध्वनीचे दर सेकंदाला सहसा 48 हजार नमुने असतात आणि आवाजाची चिप ते स्वतःच्या स्फटिक-घड्याळाच्या गतीने वाजवत जाते. व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर तिला सतत विचारत राहते की आतापर्यंत किती नमुने वाजले. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रात एका फ्रेमच्या वाट्याला 1,920 नमुने येतात. चित्र मागे पडले तर एखादी फ्रेम गाळायची, पुढे गेले तर तीच फ्रेम क्षणभर धरून ठेवायची. एखादी फ्रेम गळली तर डोळा बिनतक्रार पुढे जातो. आवाजातून पाच मिलिसेकंद कापले तर मात्र टक् असा आवाज येतो आणि मृदंगाचा ठेका मोडल्याचे लहान पोरालाही कळते. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेव्हा चांगले ॲप चित्रच तेवढे थांबवून धरते. व्हीएलसीमध्ये हेच काम हाताने करता येते: के आणि जे या कळांनी आवाज 50-50 मिलिसेकंद मागे-पुढे सरकतो.

सिनेमाच्या सुरुवातीला हा मान उलटा होता. मूकपटाच्या काळात चित्र मालक होते आणि पडद्याजवळ बसलेले पेटीवाले-तबलजी त्याकडे पाहून वाजवत. 1926 साली अमेरिकेत व्हिटाफोन आला. त्यात आवाज फिल्मवर नव्हताच, सोळा इंची तबकडीवर होता. हजार फुटांचे रीळ सेकंदाला 24 फ्रेमच्या गतीने अकरा मिनिटे चाले आणि तबकडीची एक बाजूही तेवढीच चाले. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच यंत्रणेला जोडलेली असत. सुई एकदा घसरली की पुढचे सगळे रीळ विस्कटे. फिल्म तुटून चार फ्रेम कापाव्या लागल्या तर तेवढ्याच काळ्या फ्रेम जोडाव्या लागत, नाहीतर नायकाच्या तोंडी नायिकेचे वाक्य येई.

फिल्मच्या कडेलाच ध्वनीची पट्टी छापू लागल्यावर ही कटकट मिटली, पण अर्धीच. चित्र दिव्यासमोर सेकंदाला 24 वेळा थांबत-थांबत सरकते आणि आवाजाला अखंड गती लागते. म्हणून दोघांना एका जागी वाचता येत नाही, आणि ध्वनी चित्रापेक्षा सुमारे वीस फ्रेम पुढे छापला जातो. ऑपरेटरने रीळ भरताना वेटोळे दोन फ्रेमने चुकवले तरी 83 मिलिसेकंदांचा फरक पडे.

मराठीत ही विद्या शिकली ती ‘प्रभात’च्या मंडळींनी. 1929 साली कोल्हापुरात निघालेल्या या कंपनीने 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ बोलपट आणला. सुरुवातीच्या बोलपटांत ध्वनीची बाजू सांभाळली ती विष्णुपंत दामल्यांनी. 1933 साली कंपनी पुण्यात आली, आणि 1936 साली याच दामल्यांनी एस. फत्तेलाल यांच्यासह ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. देहूची कथा देहूपासून तीस किलोमीटरच्या आत, आज जिथे चित्रपट संस्था आहे त्या आवारात उभी राहिली. विष्णुपंत पागनिसांनी तुकोबा स्वतः गाऊन साकारले. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला.

हाच 131 मिनिटांचा चित्रपट टीव्हीच्या 25 फ्रेमच्या गतीला तसाच चढवला तर 126 मिनिटांत संपतो. चित्र आणि आवाज एकत्रच धावतात, ओठ कुठेही चुकत नाहीत, पण पागनिसांचा सूर अर्ध्या स्वराच्या पाऊणपट वर चढतो. पेटी घेऊन बसलेल्या माणसाला तो कुठल्याच पट्टीत सापडत नाही. ओठ जुळले म्हणजे काम झाले असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

1935 च्या ‘धूप छाँव’नंतर हिंदी बोलपटांत पार्श्वगायन रुळत गेले आणि गाण्यांपुरता आवाज निर्विवाद मालक झाला. गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे, शूटिंगच्या जागी वाजवायचे आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे. त्यासाठी टेप अगदी ठरल्या गतीने चालावा लागे. स्विस बनावटीच्या नाग्रा यंत्रात आवाजासोबत एक संदर्भ-लहर टेपवर नोंदली जाई. ती पाहून टेप सैल पडला की ताणला, हे समजे. संथगतीचे गाणे चित्रित करायचे तर ध्वनिमुद्रण दुप्पट वेगाने वाजवतात आणि कॅमेराही सेकंदाला 48 फ्रेमने चालवतात. बिचारी नटमंडळी चिरक्या आवाजाच्या मागे धावत ओठ हलवतात आणि पडद्यावर ती सावकाश, ऐटीत गाताना दिसतात.

तबकडीची कल्पना 1993 साली ‘जुरासिक पार्क’बरोबर परत आली. डीटीएस पद्धतीत फिल्मवर फक्त कालसंकेत छापलेला होता, खरा आवाज वेगळ्या सीडीवर होता. वाचक यंत्र संकेत पाही आणि सीडी तिथल्या तिथे उडी मारी. फिल्म तुटून फ्रेम गेल्या तरी आवाज बिनचूक पुढच्या जागी हजर. व्हिटाफोनला 1926 साली न जमलेले असे 67 वर्षांनी जमले.

रेडिओ आणि टीव्ही यांची जोडी मात्र कोणी जुळवून दिली नाही. क्रिकेटचे चित्र टीव्हीवर लावायचे, त्याचा आवाज बंद करायचा आणि आकाशवाणीचे समालोचन ऐकायचे, हा अनेक घरांतला जुना रिवाज. सेट टॉप बॉक्स आले, टीव्हीचे चित्र मागे पडले आणि रेडिओवर फलंदाज बाद झाल्यावर पडद्यावर गोलंदाज धावत येऊ लागला.

आता गावोगावी कीर्तनाचे चित्रीकरण होते आणि नेमका हाच पेच तिथे पडतो. चित्र कॅमेऱ्यात, चांगला आवाज मिक्सरला जोडलेल्या वेगळ्या रेकॉर्डरमध्ये. दोघांची स्फटिक-घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत 50 एवढाच फरक असला तरी दोन तासांच्या कीर्तनात तो 0.36 सेकंदांवर, म्हणजे नऊ फ्रेमवर जातो. अभंगाच्या सुरुवातीला जुळवलेले ओठ शेवटच्या आरतीला साफ सुटलेले असतात. व्यावसायिक मंडळी सगळ्या यंत्रांना एकाच घड्याळाची लहर पुरवतात आणि तास, मिनिट, सेकंद, फ्रेम सांगणारा टाइमकोडही देतात. टाइमकोड नुसता सुरुवातीला जुळवून भागत नाही. तो जागा दाखवतो, गती सांभाळत नाही.

एवढी सामग्री नसेल तर मिक्सरची तार सरळ कॅमेऱ्यात घालणे सर्वांत बरे. आवाज आणि चित्र एकाच घड्याळावर येतात. तेही जमत नसेल तर सिनेमातल्या क्लॅपसारखी एक टाळी कीर्तनाच्या आधी आणि एक संपल्यावर कॅमेऱ्यासमोर वाजवतात. राहून गेली तरी कीर्तनात टाळाचा प्रत्येक आघात दिसतो आणि ऐकूही येतो. संकलक सुरुवातीच्या भजनातला एक आघात आणि आरतीतला एक आघात पकडतो, दोन्हींमधले अंतर चित्रात आणि आवाजात मोजतो, आणि आवाज तेवढ्या प्रमाणात ताणतो किंवा आकसतो. दोन तासांत 0.36 सेकंद ताणल्याने सुरात पडणारा फरक कोणत्याही कानाला कळत नाही. उलट 44,100 नमुन्यांचे ध्वनिमुद्रण चुकून 48 हजारांच्या गतीने लावले तर कीर्तन जवळपास 9 टक्के वेगाने पळते, बुवांचा आवाज दीड अर्धस्वर वर जातो, आणि तिथे ओठ जुळवत बसण्याआधी फाइलचे सेटिंग बघावे लागते.